पायांनी वाचायचं शहर: पर्वतीपासून नागझरीपर्यंत

पुण्यात स्वारगेटहून शनिवारवाड्याकडे चालत निघालेला माणूस सबंध वाट उतरत असतो. उतार इतका हलका आहे की रिक्षात बसून तो कळत नाही. २०२४ पासून याच पेठांच्या खालून धावणाऱ्या भुयारी मेट्रोत तर त्याचा पत्ताच लागत नाही, आणि फोनवरच्या नकाशात शहर सपाट दिसतं. पण पुण्याचं बरंच काही या उतारानेच ठरवलं आहे. पेशव्यांनी पाणी कोणत्या बाजूने आणलं, हौद कुठे बांधले, कुंभारांची वस्ती कुठे झाली, ओढा कुठे वळवला आणि २०१९ च्या सप्टेंबरात तोच ओढा एका रात्रीत घराघरांत का शिरला, या सगळ्या प्रश्नांची सुरुवात जमिनीच्या कलापासून होते.

हा कल पायांना कळतो. चालणं हे शहर समजून घेण्याचं साधन आहे असं नगररचनाकार आणि भूगोलाचे अभ्यासक म्हणतात, तेव्हा त्यात काव्य नसतं. चालणाऱ्याला अंतर मोजता येतं, चढ जाणवतो, वास येतो, थांबता येतं, वळता येतं आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारता येतं. या सगळ्याची नीट नोंद केली, की शहर असं का झालं याचा तर्क बांधता येतो. तो कसा बांधायचा हे पुण्याच्या जुन्या पेठांमधल्या एका वाटेवरून पाहू.

वेगाचा हिशेब

माणूस साधारण ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. दहा मीटर रुंदीच्या वाड्यासमोरून जायला त्याला सात सेकंद लागतात. ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीला त्यासाठी सव्वा सेकंद पुरतो. सात सेकंदांत दरवाजावरचं कोरीवकाम, जोत्याच्या पायऱ्या, उंबऱ्याची झीज आणि दारावरची पाटी दिसते. सव्वा सेकंदात फक्त दुकानाचं नाव दिसतं.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी शहरांचा अभ्यास करताना याच वेगाला पायाभूत मानलं. माणसाच्या नजरेची मर्यादा त्यांनी लक्षात घेतली: शंभर मीटरवर हालचाल कळते, वीस-पंचवीस मीटरच्या आत चेहऱ्यावरचे भाव कळतात. रस्त्याच्या शंभर मीटर लांबीत पंधरा-वीस दारं किंवा दुकानं असतील तर चालणारा रेंगाळतो, आणि सलग कुंपणभिंत असेल तर पाय उचलतो, हे निरीक्षणही त्यांचंच. तुळशीबागेजवळची एखादी गल्ली आणि उपनगरातल्या गृहसंकुलाची भिंत शेजारी ठेवून पाहिली तर हे लगेच पटतं.

अभ्यासासाठी चालताना मात्र ताशी पाचचा वेगही जास्त होतो. थांबे, नोंदी आणि विचारपूस धरून ताशी दीड किलोमीटर हा कामाचा वेग आहे. पाच किलोमीटरच्या वाटेला साडेतीन ते चार तास द्यावे लागतात. याहून लांब वाट आखली की शेवटच्या टप्प्यातल्या नोंदी हमखास पातळ होतात.

आधी चालणं, मग आराखडा

या पद्धतीचा भारताशी, आणि त्यातही मराठी मुलखाशी, जुना संबंध आहे. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. शहराकडेही ते जिवंत देहासारखं पाहत. १९१४ मध्ये ते भारतात आले आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी इथल्या कितीतरी शहरांची पाहणी केली. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे सोपवला गेला.

त्या काळात प्लेगच्या धास्तीने जुन्या वस्त्यांमधून सरळ, रुंद रस्ते पाडायची पद्धत रूढ झाली होती. कागदावर पट्टी ठेवून रेघ मारायची आणि रेघेत येणारी घरं पाडायची. गेडिसांचा याला ठाम विरोध होता. ते आधी गल्लीगल्लीतून फिरत. कोणतं घर खरंच मोडकळीला आलंय, कुठे एखादी पडकी भिंत काढली तर हवा खेळेल, कोणत्या विहिरीभोवती मोकळी जागा ठेवता येईल, हे जागेवर ठरवत. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तशी ही शहराची तपासणी होती. त्यातून सुचवलेले बदल छोटे, स्वस्त आणि कमीत कमी लोकांना उठवणारे असत.

इंदूरच्या होळकर संस्थानासाठी त्यांनी १९१८ मध्ये विस्तृत अहवाल लिहिला. तिथे त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचाही उपयोग करून घेतला. ज्या गल्ल्यांनी घरं झाडून, डागडुजी करून सर्वांत स्वच्छ ठेवली असतील, तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर झालं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमाही होती. लोकांच्या चालण्याची वाट बदलून शहराच्या आरोग्याचं काम हलवता येतं, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे नगररचना शिकवताना गेडिसांचं नाव घेतलं जातं, पण त्यांची पहिली पायरी, म्हणजे चालणं, बऱ्याचदा वगळली जाते, हे वाईट आहे.

लागणारी साधनं

वही, पेन्सिल, गवंड्याची तीस मीटरची टेप, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी हातभर लांबीची पाणसळ (बुडबुड्यावरून समपातळी दाखवणारी पट्टी) आणि प्यायचं पाणी, एवढंच.

पहिल्यांदा आपलं पाऊल मोजून घ्यायचं. सपाट जागी टेपने तीस मीटर आखा आणि नेहमीच्या चालीने तीनदा चाला. सरासरी बेचाळीस पावलं पडली तर तुमचं पाऊल सुमारे एकाहत्तर सेंटिमीटरचं. यापुढे एकशे चाळीस पावलं म्हणजे शंभर मीटर. गर्दीत पाऊल आखूड होतं, म्हणून लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी हेच मोजमाप वेगळं करून घ्यावं. गर्दीतली पावलं मोकळ्या मैदानातल्या हिशेबाने मोजली, की प्रत्यक्षापेक्षा लांब अंतर वहीत उतरतं. हीच सर्वांत जास्त होणारी चूक.

दुसरी गोष्ट पट्टी-नकाशा. वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढायची आणि खालून वर लिहीत जायचं. रेघ म्हणजे आपली वाट. एक सेंटिमीटरला पन्नास मीटर हे प्रमाण ठेवलं तर वीस सेंटिमीटरच्या पानात एक किलोमीटर बसतो. डाव्या हाताला दिसलेलं रेघेच्या डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. रस्ता वळला तरी रेघ सरळच ठेवायची, वळणाच्या जागी फक्त बाण काढून दिशा लिहायची. असा नकाशा पाहणाऱ्याला विचित्र वाटतो, पण चालता चालता भरायला त्याच्याइतका सोपा दुसरा प्रकार नाही.

तिसरी गोष्ट उंची. फोनमधल्या उपग्रहाच्या आकड्यावर इथे विसंबू नये. उभ्या दिशेत तो सहज दहा मीटरने चुकतो, आणि आपल्याला तीन-चार मीटरचे फरक हवे असतात. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस वीस मीटरने असतात. पेठांचा बराचसा उतार अशा दोन रेषांच्या मधेच संपून जातो. म्हणून गवंडी वापरतात तीच युक्ती वापरायची. चढाच्या दिशेने तोंड करून उभं राहा, पाणसळ डोळ्यासमोर आडवी धरा, बुडबुडा मधोमध आला की तिच्या कडेवरून समोर पाहा. नजर जिथे जमिनीला टेकते ती जागा तुमच्या डोळ्यांइतकी उंच आहे. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर तिथपर्यंत गेल्यावर तुम्ही दीड मीटर चढलात. तिथून पुन्हा तेच. नदीपासून दक्षिणेकडे असे टप्पे मोजत गेलात तर पेठांचा चढ आकड्यात मिळतो. बुडबुडा पाहायला आणि कडेवरून नजर लावायला दोघं असली तर चूक कमी होते. वाहतुकीच्या रस्त्यात हे करू नये. समांतर गल्ली निवडावी आणि पहाटे जावं.

पाणसळ नसली तरी खुणा असतातच. एकाच घराच्या जोत्याला एका टोकाला दोन पायऱ्या आणि दुसऱ्या टोकाला चार असतील, तर घर सपाट आहे आणि रस्ता उतरतो आहे. पायडल न मारता सायकली कोणत्या बाजूने जातात तेही पाहावं. सर्वांत चांगली खूण पावसाची. जोरदार सरीनंतर वीस मिनिटांनी गल्लीतलं पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहिलं, की नकाशा आपोआप समोर येतो. मात्र अशा वेळी ओढ्याच्या काठावर आणि गुडघाभर पाण्यात जाऊ नये, कारण पाण्याखाली उघडा चेंबर दिसत नाही.

पर्वतीवरून खाली

वाटेची सुरुवात उंचावरून करावी. पर्वतीच्या टेकडीवरून दक्षिणेला कात्रजचे डोंगर दिसतात, नैर्ऋत्येला सिंहगड आणि वायव्येला वेताळ टेकडी. या डोंगरांचे माथे सपाट का, आणि उतारांवर पायऱ्या का, याचं उत्तर दख्खनच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. त्यातले काही थर कठीण, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर झिजतो आणि कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. सिंहगड चढताना छातीवर येणारा चढ, मग थोडी सपाटी, मग पुन्हा चढ असा अनुभव येतो, त्याचं कारण हेच. सह्याद्रीतल्या वाटा आणि किल्ले या पायऱ्यांना धरूनच आहेत.

वरून दिसणारं भांडं नीट पाहून घ्यावं. दक्षिणेला डोंगर, उत्तरेला मुठा नदी. म्हणजे पाऊस कात्रजला पडला की पाणी शहराच्या दिशेने निघणार. ते आणणारा मुख्य ओढा म्हणजे आंबिल ओढा. कात्रजकडून तो उत्तरेला येतो, धनकवडी आणि सहकारनगरच्या बाजूने पर्वतीच्या पायथ्याशी पोचतो, आणि तिथून पश्चिमेकडे वळून दांडेकर पुलाखालून दत्तवाडीकडे, मुठेला मिळायला जातो.

हे वळण चालून पाहावं असं आहे. दांडेकर पुलापर्यंत जाऊन यायला अर्धा तास जास्त लागतो, पण तो वसूल होतो. उत्तरेला सरळ उतार असताना पाणी डावीकडे का वळलं? कारण ते वळवलं आहे. पूर्वी ओढा आजच्या पेठांच्या बाजूने सरळ मुठेकडे जात असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांध घालून त्याचा प्रवाह पश्चिमेला नेला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. ओढ्याचा जुना मार्ग मोकळा झाल्यावर तिथे पेठा वाढल्या.

आता सारसबागेत उतरावं. बाग भोवतालच्या रस्त्यांपेक्षा खोलगट जागी आहे आणि गणपतीचं देऊळ मधल्या उंचवट्यावर. लोक आजही त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. तळं आटवून बाग झाली तरी नाव टिकलं, आणि जमिनीचा आकारही टिकला. टिळक रस्त्यावरचं हिराबाग हे नाव याच तळ्याच्या काठी असलेल्या पेशवेकालीन बागेचं. सारसबागेपासून हिराबागेपर्यंतची पावलं मोजली की तळ्याच्या एका बाजूचा अंदाज येतो. नाव, खोलगटपणा आणि अंतर अशा तीन खुणा जुळल्या तरच निष्कर्ष लिहायचा, हा नियम पुढेही पाळावा.

दिसेनासं झालेलं पाणी

टिळक रस्ता ओलांडून सदाशिव आणि शुक्रवार पेठांमध्ये शिरलं की पाण्याची दुसरी गोष्ट सुरू होते. ओढा बाहेर नेला, मग पेठांना प्यायला पाणी कुठून मिळालं? १७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत दगडी भुयारी नळ आणला. सात-आठ किलोमीटरचं हे अंतर पाणी निव्वळ उतारावर कापत असे. ना मोट, ना रहाट. नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधलेले होते. त्यातून अडकलेली हवा बाहेर पडे आणि आत उतरून साफसफाई करता येई.

अशा नळाचं गणित नाजूक असतं. उतार फार तीव्र झाला तर पाणी दगडाचे सांधे उखडतं, आणि फार कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून नळाला सरळ रेषेत नेता येत नाही, त्याला जमिनीचा कल धरून वळावं लागतं. कात्रज ते शनिवारवाडा हा रस्ता पायी केला की वळणं कुठे आणि का आली असतील हे सुचायला लागतं.

नळाचं पाणी पेठांतल्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद ही नावं आजही पत्त्यांत येतात. बरेच हौद बुजले, काही रस्त्याखाली गेले. पट्टी-नकाशावर या जागा मांडल्या की हौद उताराच्या ओळीने उतरत जातात का, हे तपासता येतं. प्रत्येक हौदाच्या जागी उभं राहून विचारायचा प्रश्न असा: इथे पाणी भरायला कोणत्या गल्लीतून यावं लागत असेल, आणि कोणाला येता येत नसेल? १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. भुयारी नळाचं कौतुक करताना हे वर्ष शेजारी लिहिल्याशिवाय पाण्याचा नकाशा पुरा होत नाही. अंतर पन्नास पावलांचं असलं तरी मनाईमुळे ते ओलांडता न येणारं होतं, आणि पावलं मोजणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

पेठा आणि बोळ

मंडई, तुळशीबाग आणि बुधवार पेठेच्या भागात पाण्याकडून रचनेकडे वळावं. जुन्या वाड्याची रस्त्याकडची बाजू अरुंद असते आणि खोली जास्त. खाली दगडी जोतं, वर वीट आणि लाकूड, आत चौक. दोन वाड्यांच्या मधला बोळ दोन-तीन मीटर रुंद आणि भिंती सात-आठ मीटर उंच. भिंती रुंदीच्या दुपटीहून उंच असल्यामुळे बोळात थेट ऊन फक्त दुपारी थोडा वेळ पडतं. एप्रिलमध्ये अकरा वाजता बोळातून लक्ष्मी रस्त्यावर बाहेर पडून पाहा, फरक अंगाला कळतो.

लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता पेठांना आरपार छेदून जातात. अशा रस्त्यांवर काही ठिकाणी बोळ रस्त्याला तिरका येऊन मिळतो, समोरच्या बाजूला त्याचाच तुकडा पुढे सरकतो, आणि कोपऱ्यावरचं घर त्रिकोणी उरतं. नंतर पाडलेल्या रस्त्याची ही खूण आहे. जुना रस्ता घरांना वळसा घालतो, नवा रस्ता घरं कापतो. वहीत अशा प्रत्येक कापाला एक ठरावीक चिन्ह द्यावं.

पेठांची नावं माहिती देतात, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या, आणि रास्ता पेठ रास्ते सरदारांच्या. गुरुवार पेठेला आधी वेताळ पेठ म्हणत. म्हणजे नाव सांगतं ते बऱ्याचदा वस्ती कोणी बसवली किंवा कोणाच्या मर्जीने बसली ते. वस्ती आधीपासून होती की नव्हती हे नावावरून कळत नाही. वेशीवर मारुती असतो हा महाराष्ट्रातल्या गावांचा सर्वसाधारण नियम आहे. पुण्यात मात्र मारुती इतके आहेत की प्रत्येकाला वेस मानलं तर शहर चाळणी होईल.

कसबा, कुंभारवाडा आणि नागझरी

१७३२ मध्ये उभा राहिलेला शनिवारवाडा डावीकडे ठेवून पूर्वेला वळलं की कसबा पेठ. इथल्या गल्ल्या बुधवार किंवा शुक्रवार पेठेपेक्षा जास्त वाकड्या आहेत. पेठ बसवताना आखणी होते, गाव मात्र आखून बसत नाही. पुण्याची सर्वांत जुनी वस्ती ही. नदीच्या जवळ, पण काठाहून उंच. इथे पाणसळ पुन्हा काढावी आणि नदीकाठापासून कसबा गणपतीपर्यंत टप्पे मोजावेत.

तांबट आळीत शिरण्याआधी थांबून ऐकावं. हातोड्यांचा आवाज किती पावलांवरून सुरू होतो ते लिहावं. आवाजाची हद्द हीसुद्धा शहराची हद्दच असते, आणि कारखाने कमी झाले की ती आकसते. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी हीच पावलं मोजली तर व्यवसायाचं काय झालं हे आकड्यात सांगता येईल. उत्तरेला कुंभारवाडा नदीजवळ आहे. माती, पाणी आणि भट्टीचा धूर या तीन गरजा पाहिल्या तर ही जागा समजते. नागझरी ओढ्याजवळच्या बुरूड आळीबद्दल असाच तर्क सुचतो, की बांबू भिजवायला पाणी जवळ हवं. पण हा तर्क वहीत प्रश्नचिन्ह देऊनच लिहावा. आळीतल्या जुन्या कारागिरांना विचारल्याशिवाय ते प्रश्नचिन्ह काढू नये.

नागझरी म्हणजे जुन्या शहराची पूर्वेची कड. पश्चिमेला कसबा, पूर्वेला सोमवार आणि रास्ता पेठ. दारूवाला पुलावर उभं राहिलं की खाली भिंतींत बांधलेला नाला दिसतो. बऱ्याच लोकांना आपण पुलावर आहोत हेच कळत नाही, कारण दोन्ही बाजूंना दुकानं आणि वाहनं. चालणाऱ्याला मात्र आधी पुलाकडे उतरणारा आणि मग पलीकडे चढणारा रस्ता जाणवतो. अशी बशीसारखी खोलगट जागा शहरात कुठेही लागली तर खाली पाणी आहे किंवा होतं असं समजून शोध घ्यावा. पलीकडे नाना आणि भवानी पेठेत गल्ल्या जास्त सरळ आणि रुंद होतात. घाऊक व्यापाराच्या गाड्यांना वळायला जागा लागते, हे त्यामागचं एक कारण असावं. भुसार बाजार पुढे मार्केट यार्डात गेला, पण रस्त्यांची रुंदी तीच राहिली.

पूर कुठे येतो

या चालण्याचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, खालचं खडकवासला धरणही टिकलं नाही, आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. नदीपासून दूर म्हणून या जागा सुरक्षित वाटणं स्वाभाविक होतं. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला लोंढा आला. सहकारनगर, अरण्येश्वर भागात भिंती कोसळल्या, माणसं दगावली. धोका नदीकडून आला नव्हता, डोंगराकडून आला होता.

पर्वतीवर उभं राहून भांड्याचा आकार पाहिलेल्या माणसाला हे समजायला नकाशा लागत नाही. ओढ्याच्या काठाने चालताना पाहायच्या गोष्टी अशा: पात्राची रुंदी कुठे अचानक कमी होते (टेपने मोजावी), पुलाखालची उंची किती आहे, पुलाच्या वरच्या बाजूला कचरा कुठपर्यंत अडकलाय, काटकोनात वळण कुठे दिलंय आणि कुठली सीमाभिंत थेट पात्रात उभी आहे. वरच्या बाजूला पात्र बारा मीटर आणि खालच्या बाजूला सात मीटर असेल, तर लोंढ्याचं पाणी मधल्या जागेत तुंबून बाजूला शिरणार. हे साधं गणित आहे. त्यासाठी फक्त कोणीतरी टेप घेऊन तिथे जायला हवं.

बिघडतं कुठे

निळ्या ठिपक्यामागे चालणारा माणूस फोनचा नकाशा पाहत असतो, शहर पाहत नाही. वाट आधी कागदावर पाठ करावी आणि फोन पिशवीत ठेवावा. फोटो काढले आणि नोंद केली नाही तर महिन्याभराने कोणता बोळ कुठला हे सांगता येत नाही. प्रत्येक फोटोचा क्रमांक पट्टी-नकाशावर त्याच जागी लिहावा. गट पाच-सहा जणांपेक्षा मोठा झाला की बोलणं आपापसात होतं आणि ओट्यावरची माणसं गप्प होतात.

विचारताना उत्तर हातात देऊ नये. 'इथून ओढा जायचा ना?' असं विचारलं की आजोबा हो म्हणतात. 'पावसात इथे पाणी कुठून येतं?' असं विचारलं की हात करून दाखवतात. वाड्यात शिरण्याआधी परवानगी घ्यावी. पडझडीला आलेल्या वाड्याच्या जिन्यावर चढू नये.

एकाच वेळी चालून केलेला नकाशा अर्धवट असतो. सकाळी सहाला शटर बंद असतात तेव्हा इमारती दिसतात, अकराला व्यापार दिसतो, संध्याकाळी सातला कोण रस्त्यावर आहे आणि कोण नाही ते दिसतं. बायकांबरोबर, पाठीला बाक आलेल्या माणसाबरोबर, बाबागाडी ढकलणाऱ्या आईबरोबर तीच वाट पुन्हा चालावी. धडधाकट पुरुषाने केलेल्या नोंदीत पदपथाची नऊ इंचांची पायरी येतच नाही, कारण ती त्याला अडवत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी नोंदी पक्क्या कराव्यात. एक रात्र गेली की उतार विसरला जातो. मग पडताळणी. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये पेठा, ओढे आणि पाणीपुरवठ्याची सविस्तर माहिती आहे. नगर भूमापन कार्यालयातले नकाशे भूखंडांच्या हद्दी दाखवतात. ओढ्याचा जुना मार्ग बऱ्याचदा भूखंडांच्या तिरक्या, वळणदार हद्दीत लपलेला असतो. पायांनी सुचवलेलं आणि कागदाने सांगितलेलं जुळत नसेल तर दोन्ही लिहून ठेवावं आणि त्या जागी पुन्हा जावं.

पुणे महापालिकेत अंदाजपत्रकाआधी नागरिकांकडून आपापल्या भागातल्या कामांच्या सूचना मागवण्याची पद्धत आहे, आणि उन्हाळ्यात नालेसफाईची कामं निघतात. 'आमच्याकडे पाणी तुंबतं' अशी तक्रार क्षेत्रीय कार्यालयात कित्येक जण देतात. तिच्यासोबत पट्टी-नकाशाचं पान जोडावं. त्यावर पुलापासून पावलांनी मोजलेलं अंतर, टेपने मोजलेली पात्राची रुंदी, कचरा अडकलेल्या रेषेची जमिनीपासूनची उंची आणि पाहणीची तारीख असावी. असं पान मिळालं की अभियंत्याला नेमकी कुठे जाऊन पाहणी करायची ते कळतं.